शीड एका वाऱ्यावर, झेंडा दुसऱ्याच

दिवाळी जवळ आली की पाटण खोऱ्यात अंगणोअंगणी मातीचे किल्ले उभे राहू लागतात. दातेगडासारखा किल्ला ज्यांच्या नित्य दृष्टीस पडतो, त्या मुलांना बुरूज कसा असावा आणि दरवाजा कोठे लपवावा हे वेगळे शिकवावे लागत नाही. गाडे अडते ते जलदुर्गापाशी. परातीत पाणी ओतून त्यात सिंधुदुर्ग उभा केला, तर भोवती गलबते हवीत. आणि गलबत कसे दिसत होते हे सांगणारे घरात कोणी नसते. कोयनेच्या खोऱ्यातून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण आणि पुढे वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळचे बंदर. अंतर फार नाही, पण घाटमाथ्यावरच्या माणसाला समुद्र तसा परकाच. मग बाजारात ‘शिवकालीन जहाज’ म्हणून जे मिळते ते आणले जाते. उंच माडीसारखा मागचा भाग, तीन डोलकाठ्या, त्यांवर फुगलेली चौकोनी शिडे आणि सर्वांत वर भगवा. झेंडा काढून घेतला तर उरते ते स्पेनचे सोळाव्या शतकातील व्यापारी-लढाऊ जहाज.

हीच प्रतिकृती पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत काचेच्या पेटीत दिसते, सत्कारात स्मृतिचिन्ह म्हणून दिली जाते, शिवजयंतीच्या चित्ररथावर मोठ्या आकारात फिरते. कोणी म्हणेल, शोभेच्या वस्तूला इतका काटेकोरपणा कशाला? परंतु लढाऊ जहाजाची शिडे आणि झेंडे ही शोभा नव्हे. शीड हे त्या जहाजाचे यंत्र आहे आणि झेंडा हे त्याचे ओळखपत्र. यंत्र बदलले की जहाज काय करू शकत होते हे बदलते; ओळखपत्र बदलले की ते कोणाचे आणि केव्हाचे हे बदलते. मराठ्यांच्या आरमाराबाबत तर चुकीचे शीड लावले की त्या आरमाराचे यशच अनाकलनीय होऊन बसते.

हे आरमार कशाचे बनले होते, याचे सर्वांत तपशीलवार वर्णन शत्रुपक्षाकडून आले आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने 1763 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते यांची बारकाईने नोंद केली आहे. त्याच्या सांगण्यानुसार गलबत म्हणजे वल्ह्यांची मोठी नाव. वजन क्वचितच 70 टनांहून अधिक. डोलकाठ्या दोन, पैकी मागची अगदी हलकी. मुख्य डोलकाठीवर एकच शीड, तेही त्रिकोणी आणि प्रचंड. वर चढवले की त्याचे टोक डोलकाठीच्याही पुष्कळ वर जाई. वजन वाचावे म्हणून लहान गलबतांची तक्तपोशी चिरलेल्या बांबूंची असे आणि तीवर फिरत्या आसावरच्या छोट्या तोफा बसवलेल्या असत. मोठ्या गलबतांवर दोन ते चार पौंडी गोळ्यांच्या सहा-आठ तोफा. शिवाय 40 ते 50 वल्ही. त्यांच्या जोरावर वारा नसतानाही ताशी चार मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटर, वेग मिळे.

प्रतिकृती करणाऱ्याने हे वर्णन नीट वाचले तर निम्मे काम झालेच. तिरप्या लांब वाशाला, म्हणजे परबाणाला, बांधलेले त्रिकोणी शीड हेच कोकणच्या जहाजाचे रूप. परबाणाचे पुढचे टोक खाली, नाळेकडे झुकलेले आणि मागचे टोक आभाळात. पुष्कळ प्रतिकृतींत हे उलटे दिसते, किंवा परबाण डोलकाठीच्या मापाइतकेच ठेवलेले असते. त्यामुळे गलबताचा सारा डौल नाहीसा होऊन त्याला होडीची कळा येते.

आता या शिडाचा इतिहासाशी काय संबंध, ते खांदेरीच्या लढ्यात दिसते. 1679 च्या पावसाळ्याअखेरीस शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर किल्ला बांधावयास घेतला आणि इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. इंग्रजांपाशी ‘रिव्हेंज’ हे मोठे लढाऊ जहाज होते, तोफा अधिक वजनदार होत्या. तरी मराठ्यांच्या लहान नौका रात्रीच्या अंधारात बेटावर माणसे व सामान पोहोचवीतच राहिल्या. 18 ऑक्टोबर 1679 रोजी मराठ्यांच्या चाळीस-पन्नास गलबतांनी इंग्रज काफिल्यावर चाल केली, तेव्हा इंग्रजांची ‘डोव्हर’ नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. ‘रिव्हेंज’ने मात्र तोफांच्या बळावर हल्ला परतवला, हेही नमूद केले पाहिजे. मोठी जहाजे वाऱ्याची वाट पाहत उभी असताना उथळ पाण्यातून वल्ही मारीत निघून जाणे, वारा सुटताच एका त्रिकोणी शिडावर तो तिरका धरणे, ही मराठी नौकांची करामत होती. पहाटे जमिनीवरून सुटणारे मतलई वारे आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारे खारे वारे यांच्या आलटापालटीत वावरणाऱ्या कोकणी खलाशाला हेच शीड सोयीचे. त्या नौकेवर चौकोनी शिडांचे तीन मजले चढवले तर खांदेरीला रात्री पोहोचणारे जहाज कोणते, हा प्रश्न मुलाने विचारला तर उत्तर देता येणार नाही.

लढण्याची रीतही शिडांशी बांधलेली होती. आंग्र्यांची जहाजे शत्रूच्या मागच्या बाजूने येत, कारण तेथे तोफा कमी. आणि पहिला मारा करीत तो डोलकाठ्यांवर व दोरखंडांवर. शिडे निकामी झाली की मोठे जहाज जागच्या जागी खिळे. मग माणसांनी भरलेली गलबते चहूकडून भिडत.

गुराबेची गोष्ट थोडी अधिक गुंतागुंतीची आहे. ऑर्मने तिचे आकारमान दिले आहे : दोन डोलकाठ्यांची गुराब 150 टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची सुमारे 300 टन, लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात फार न बुडणारी, आणि पुढे गोल छातीऐवजी भूमध्य समुद्रातील वल्ह्यांच्या जहाजांसारखी लांब निघालेली चोच. या चोचीवरून समोर डागता याव्यात अशा नऊ ते बारा पौंडी दोन तोफा पुढे असत. शिडांसाठी मात्र चित्रांकडे वळावे लागते. फ्लेमिश चित्रकार बाल्थाझार सॉल्विन्स याने कलकत्त्यात राहून काढलेल्या आणि पुढे पॅरिसमध्ये 1808 ते 1812 या काळात छापलेल्या चित्रसंग्रहात गुराब आहे आणि तिच्यावर चौकोनी शिडे आहेत. पण ती बंगालच्या पाण्यातली, अठराव्या शतकाच्या अखेरची गुराब. तिचे शीडकाम उचलून 1679 च्या खांदेरीवर नेणे म्हणजे पेशवाईतील पगडी मावळ्याच्या डोक्यावर ठेवण्यासारखेच. फ्रेंच आरमारी अधिकारी एडमंड पारिस याने 1840 च्या दशकात प्रसिद्ध केलेली मापे आणि आराखडे त्याहून विश्वसनीय आहेत, कारण तो चित्रकाराच्या नव्हे तर जहाजबांधणी जाणणाऱ्याच्या नजरेने पाही. पश्चिम किनाऱ्यावरील पत्तेमारीचे शीडकाम समजून घ्यावयाचे तर त्याच्याइतका चांगला गुरू नाही. याउलट विजयदुर्गच्या 1756 च्या पाडावाचे डोमिनिक सेर्स याने रंगवलेले प्रसिद्ध चित्र 1771 मधले, म्हणजे घटनेनंतर पंधरा वर्षांनी इंग्लंडात काढलेले. त्यातील इंग्रज जहाजांवर विश्वास ठेवावा. आंग्र्यांच्या जहाजांबाबत सावध असावे.

शिवकालापूर्वीच्या नौकांची हौस असणाऱ्यांना मुंबईतच, बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर, शिलाहार-यादव काळातील नाविक युद्ध कोरलेले पाहता येते. वल्ह्यांच्या रांगा इतक्या स्पष्ट आहेत की मोजाव्यात.

शिडाचा आकार जमला, तरी बहुतेक प्रतिकृती ज्या एका गोष्टीत हमखास फसतात ती म्हणजे वारा. शिडे पुढच्या बाजूस टम्म फुगलेली आणि झेंडे मात्र मागे फडफडणारे! एकाच जहाजावर दोन वारे. याचे कारण आपल्या डोळ्याला लागलेली सवय. मोटार, आगबोट, मिरवणुकीतील ट्रक यांवरचा झेंडा नेहमी मागेच उडतो, कारण वाहन स्वतःच्या यंत्रबळाने हवा कापीत पुढे जाते. शिडाच्या जहाजाला ढकलतो तो वाराच. पाठीमागून आलेल्या वाऱ्यावर चाललेले जहाज त्या वाऱ्याहून वेगाने जाऊ शकत नाही. म्हणून झेंडा वाऱ्याबरोबर पुढे, नाळेच्या दिशेने उडतो. वारा बाजूने असेल तर झेंडा दुसऱ्या बाजूस आणि थोडा मागे; शिडाचा फुगवटाही त्याच बाजूस. वारा तिरका समोरून असेल तर शीड जवळजवळ ताठ आणि झेंडा मागच्या कोपऱ्याकडे. नियम एवढाच की शीड, झेंडा आणि डोलकाठीच्या टोकावरची लांब पताका या तिघांनी एकाच वाऱ्याची साक्ष द्यावी. शंका असल्यास प्रतिकृती टेबलावर ठेवून पंखा ज्या दिशेने लावू त्या दिशेचा विचार करावा. सगळे आपोआप उलगडते.

त्याच न्यायाने, नांगर टाकलेल्या जहाजाची शिडे गुंडाळलेली असतात. सर्व वल्ही बाहेर काढलेली आणि शीडही पूर्ण भरलेले, हे दृश्यही खटकणारे आहे. पुरेसा वारा असताना पन्नास माणसांना वल्ह्यावर दमवणारा तांडेल मूर्खच म्हणावा लागेल. युरोपीय जहाजे युद्धात उतरताना खालची मोठी शिडे आवरून घेत आणि वरच्या शिडांवर चालत, म्हणजे धूर, आग आणि आडोसा यांचा त्रास कमी. तेव्हा तोफा धडाडताना दाखवलेले आणि सर्व शिडे उभारलेले इंग्रज जहाज हे छायाचित्रासाठी उभे राहिल्यासारखे वाटते.

शिडाच्या रंगाबद्दल दोन शब्द. पांढरे शुभ्र टेरिकॉट किंवा त्याहून वाईट म्हणजे भगवे सॅटिन, अशी शिडे सर्रास दिसतात. आपल्याकडील शिडे सुती जाड्याभरड्या कापडाची असत. मुंबईच्या डोंगरीवरून ज्याला ‘डुंगरी’ हे नाव पडले आणि जे इंग्रजीत जाऊन कामगारांच्या विजारीचे नाव झाले, ते कापड शिडांना व तंबूंना वापरले जाई. न धुतलेल्या मांजरपाटाचा पिवळसर रंग त्याला जवळचा. युरोपीय शिडे अंबाडी-जवसाच्या धाग्यांची, त्यामुळे अधिक करडी-तपकिरी. एक व्यावहारिक अडचण अशी की शंभर पटींनी लहान केलेल्या जहाजावर खरे कापड लावले तर त्याचा धागा दोरखंडाएवढा जाड दिसतो. म्हणून जाणते कारागीर पातळ कागद चहाच्या पाण्यात बुडवून रंगवतात आणि कापडाचे पट्टे जोडल्याच्या शिवणी पेन्सिलीने आखतात. शिडे ही अशीच पट्टे जोडून शिवलेली असत. अखंड शीड हे प्रतिकृतीतच सापडते.

शिडावर राजमुद्रा किंवा महाराजांचे चित्र छापणे ही अलीकडची फॅशन. अष्टकोनी राजमुद्रा ही कागदपत्रांवर उमटवायची मुद्रा होती; ती शिडावर रंगवून फिरवायची वस्तू नव्हती. भावना समजण्यासारखी आहे, पण भावनेसाठी पेटीखालचा लाकडी पाट मोकळा असतो, मुद्रा तेथे कोरावी.

झेंड्याचेही तसेच. मराठ्यांचे निशाण भगवे, हे निर्विवाद. पण भगवा झेंडा आणि जरीपटका या दोन गोष्टी निराळ्या. जरीपटका हे मानाचे निशाण, छत्रपतींकडून विशिष्ट अधिकाऱ्यालाच मिळणारे. प्रत्येक मचव्यावर तो फडकवणे म्हणजे प्रत्येक शिपायाला सेनापती करणे. कान्होजी आंग्रे यांच्यासारख्याचा अधिकारही साताऱ्याच्या राजकारणाशी जोडलेला होता. आरंभी ताराबाईंच्या पक्षात असलेले कान्होजी बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने 1713-14 च्या सुमारास शाहू महाराजांच्या बाजूस आले आणि सरखेल म्हणून त्यांना मान्यता मिळाली. घाटमाथ्यावरच्या साताऱ्याचा आणि कुलाब्याच्या समुद्राचा हा धागा आपल्या शालेय पुस्तकांत फारसा उमटत नाही. आणि हो, गुराबेवर तिरंगा लावलेली प्रतिकृतीही काही ठिकाणी दिसते! तिरंगा राष्ट्रध्वज म्हणून स्वीकारला गेला तो 22 जुलै 1947 रोजी.

शत्रूच्या झेंड्यांत तारखा अधिक नेमक्या असल्याने चूक लगेच पकडता येते. कंपनीच्या झेंड्यावर तांबडे-पांढरे आडवे पट्टे आणि काठीजवळच्या वरच्या कोपऱ्यात चौकट. 1679 मध्ये खांदेरीसमोर या चौकटीत फक्त इंग्लंडचा तांबडा उभा-आडवा क्रॉस होता. 1707 मध्ये स्कॉटलंडशी एकीकरण झाल्यावर तेथे संयुक्त ‘युनियन’ आला. तुळाजी आंग्र्यांचे आरमार 1756 मध्ये विजयदुर्गात जळाले तेव्हा हा झेंडा होता. त्यातील तांबड्या तिरप्या पट्ट्या 1801 नंतरच्या. म्हणजे विजयदुर्गच्या प्रतिकृतीत आजचा ब्रिटिश झेंडा लावला तर तो पंचेचाळीस वर्षे आधी पोहोचतो. आणखी एक गंमत : खांदेरीत इंग्रजांनी भाड्याने घेतलेल्या शिबाडे-मचव्यांचाही वापर केला होता. तेव्हा कोकणी बांधणीच्या नौकेवर इंग्रजी निशाण ही चूक नव्हे, तर नेमकेपणा ठरेल.

भूतकाळात फार दूर न जाताही झेंड्याची परीक्षा घेता येते, आणि ती अधिक कठीण आहे. भारतीय नौदलाच्या युद्धनौकांच्या प्रतिकृती करणाऱ्यांची संख्या आता बरीच आहे. पण नौदलाचा ध्वज 1950 पासून किती वेळा बदलला हे कितीजणांना ठाऊक असते? 26 जानेवारी 1950 पूर्वी आपल्या युद्धनौकांवर ब्रिटिश आरमाराचा पांढरा ध्वज असे. त्यानंतर पांढऱ्या क्षेत्रावर तांबडा क्रॉस तसाच राहिला, कोपऱ्यात मात्र तिरंगा आला. 2001 मध्ये क्रॉस काढून त्या जागी नौदलाचे निळे बोधचिन्ह बसवले गेले. हा ध्वज समुद्रावर ओळखू येईना, निळे चिन्ह आकाश-पाण्याच्या निळाईत मिसळून जाई. म्हणून 2004 मध्ये क्रॉस परत आला आणि त्याच्या मध्यावर अशोकस्तंभाचे सिंह आले. 2014 मध्ये त्याखाली ‘सत्यमेव जयते’ ही अक्षरे वाढली. 2 सप्टेंबर 2022 रोजी कोची येथे नवी ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली, त्या वेळी क्रॉस कायमचा गेला आणि शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून स्फुरलेली निळी अष्टकोनी आकृती ध्वजावर आली. ज्या मुद्रेला शिडावर जागा नव्हती, तिच्या आकाराला साडेतीनशे वर्षांनी नौदलाच्या ध्वजावर अशी अधिकृत जागा मिळाली.

या तारखा जहाजांच्या आयुष्यावर बसवून पाहाव्यात. जुनी ‘विक्रांत’ 1961 ते 1997 सेवेत होती. तिच्यावर आयुष्यभर एकच ध्वज. म्हणून 1971 च्या युद्धातील तिची प्रतिकृती झेंड्यावरून चुकली असेल तर ती आळसाने. (तेथे खरी चूक पुढच्या टोकाला सापडते. हॅरियर विमानांसाठीचा वर उचललेला उतार तिला नंतर बसवला गेला. 1971 मध्ये तिचे धावक्षेत्र शेवटपर्यंत सपाट होते.) ‘विराट’ 1987 ते 2017, तिने चार ध्वज पाहिले, तेव्हा प्रतिकृतीचे साल ठरवल्याशिवाय झेंडा निवडताच येणार नाही. गोव्यात बांधलेली शिडांची प्रशिक्षण नौका ‘तरंगिणी’ 2003-04 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेला गेली, तेव्हा बहुतेक प्रवासात तिच्यावर क्रॉस नसलेला, अल्पजीवी ध्वज होता. शिवाय जागेचाही नियम आहे. जहाज बंदरात उभे असता पुढच्या काठीवर तिरंगा आणि मागे नौदलाचा ध्वज असतो. पाणी कापीत वेगाने निघालेल्या जहाजाच्या नाळेवर तिरंगा दाखवू नये.

झेंडा हातात घेतल्यावर होणारी सर्वांत साधी चूक छपाईची. कागदाच्या दोन्ही बाजूंस एकच चित्र चिकटवले की एका बाजूचा कोपरा काठीपासून दूर पडतो. कोपऱ्यातील चौकट दोन्हीकडून काठीलाच लागून दिसली पाहिजे, म्हणजे दुसरी बाजू आरशातल्यासारखी उलट छापावी लागते. अक्षरे असतील तर तेवढी मात्र सुलट. पत्र्यासारखा ताठ झेंडाही टाळावा. वारा नसताना कापड वरच्या कोपऱ्यापासून तिरप्या घड्या घालीत लोंबते. ओलसर कागद पेन्सिलीवर तिरपा गुंडाळून वाळवला की त्या घड्या येतात.

मग ज्याचा सांगाडाही उरलेला नाही अशा जहाजाचे काय करावे? याचे अलीकडचे चांगले उदाहरण कारवारला घडले. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील नौकेच्या चित्रावरून, खिळे न वापरता काथ्याने फळ्या शिवून बांधलेले ‘कौंडिण्य’ हे पूर्णाकृती जहाज मे 2025 मध्ये नौदलात दाखल झाले. त्याची शिडे चौकोनी आहेत आणि त्यांवर गंडभेरुंड व सूर्य आहेत. बांधणीचा आधार अजिंठ्याचे चित्र, आणि शिडावरची चिन्हे ही सांस्कृतिक खूण म्हणून घेतलेली, हे जहाज जगापुढे आणतानाच सांगितले गेले. पाहणाऱ्याला पुरावा कोठे संपतो आणि कल्पना कोठे सुरू होते हे कळावे, इतपत सोय तेवढ्याने होते.

घरच्या प्रतिकृतीखालीही अशी पाटी लावता येते. तिच्यावर जहाजाचे नाव नसले तरी चालेल. प्रकार, साल आणि शिडे कोणत्या चित्रावरून घेतली एवढे असावे. ‘गलबत, सुमारे 1750, ऑर्मच्या वर्णनावरून, झेंडा भगवा, वारा मागून.’